रंग्याला एकदम मोठा डोस नको

पत्र : आम्ही इंदूरजवळ, राऊच्या पुढे राहतो. सासऱ्यांच्या चार घोड्या आहेत, वरातींना जातात, बग्गीही आहे. त्यातल्या चांदणीला रंगपंचमीच्या दिवशी शिंगरू झालं. इकडे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, चाललेली आणि तिकडे आम्ही सगळे तबेल्यात, म्हणून नाव रंग्या. आता चार महिन्यांचा झालाय. आधी छान वाढला, मग पोट सुटलं. पाय काटक्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट मात्र नगाऱ्यासारखं. लव राठ झालीय, पहाटे खोकतो. गेल्या आठवड्यात लिदीत एक पांढरा जंत पडला, वीतभराहून लांब, पेन्सिलीएवढा जाड. साईसकाका म्हणतात, गुळातून तंबाखू द्या. दिरांनी गाईंचं इंजेक्शन आणून ठेवलंय. म्हणतात, दुप्पट मारू, एकदाच सगळे पडतील. सासूबाई म्हणतात, नजर लागलीय. तीन वर्षांपूर्वी त्याच ठाणावरचं एक शिंगरू पोटशूळानं गेलं, म्हणून सगळे धास्तावलेत. माझा सहा वर्षांचा मुलगा दिवसभर रंग्याच्या गळ्यात पडलेला असतो. त्यालाही जंत लागतील का? काय करू?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचून मला जंतांची नाही, दिरांच्या इंजेक्शनची धास्ती वाटली. जंत रंग्याच्या पोटात काही आठवडे आहेतच, ते आणखी दोन दिवस राहिले तर आभाळ कोसळणार नाही. इंजेक्शन मात्र एकदा टोचलं की परत काढता येत नाही.

बाटलीवरचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण गाईंच्या कातडीखाली द्यायचं आयव्हरमेक्टिन असणार असा माझा अंदाज आहे. औषध म्हणून ते वाईट नाही. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघालं आणि त्या कामाला २०१५ सालचं नोबेलही मिळालं. घोड्यांनाही ते देतात, पण तोंडावाटे, पेस्टच्या रूपात. १९८०च्या दशकात घोड्यांसाठीही त्याचं इंजेक्शन काढून पाहिलं होतं. टोचल्या जागी सूज यायची, काही घोड्यांत तिथे जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग व्हायचा, म्हणून ते बंद करून पेस्ट आली. गाईची बाटली घोड्याला टोचणं म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी सोडून दिलेली वाट पुन्हा धरणं.

पण दिरांच्या बोलण्यात याहून मोठा धोका दडलाय, आणि तो 'एकदाच सगळे पडतील' या शब्दांत आहे. सगळे एकदम पडले तर बाहेर कुठून येणार?

तुम्ही पाहिलेला जंत म्हणजे शिंगरांचा गोलजंत, शास्त्रीय नाव पॅरास्कॅरिस. मोठ्या घोड्यांत तो क्वचितच आढळतो, कारण वय वाढेल तशी घोड्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध ताकद येते. पहिल्या वर्षातलं शिंगरू हे त्याचं हक्काचं घर. याचं अंडं जमिनीवरून, गव्हाणीवरून, आईच्या सडांवरून शिंगराच्या तोंडात जातं. आतड्यात अळी बाहेर पडते, पण तिथे थांबत नाही. ती आतड्याच्या भिंतीतून यकृतात जाते, तिथून रक्ताबरोबर फुप्फुसात, फुप्फुसातून वर घशाशी येते, शिंगरू खोकतं, गिळतं, आणि अळी पुन्हा पोटात. या सगळ्या तीर्थयात्रेनंतर ती लहान आतड्यात वाढते आणि अंडं गिळल्यापासून साधारण अडीच-तीन महिन्यांनी स्वतः अंडी घालू लागते. म्हणजे रंग्यानं पहिली अंडी गिळली ती जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. पहाटेच्या खोकल्याचं एक कारण या प्रवासात आहे. दुसरं कारणही असू शकतं, त्याकडे येतोच.

पूर्ण वाढलेला जंत फूटभराहूनही लांब होतो. शिंगराचं लहान आतडं किती रुंद असतं ते डोळ्यांसमोर आणा. त्यात असे शेकडो जंत असतील आणि आपण त्यांना एका फटक्यात लुळे करणारं औषध दिलं, तर ते वाहून जात नाहीत, दोरखंडासारखे एकमेकांत गुंततात आणि बूच बसतं. आयव्हरमेक्टिन, पायरँटेल, जुनं पायपराझीन ही सगळी औषधं जंतांना लुळं करून काम करतात. बूच बसलं की आतडं फुगतं, कधी फाटतं. आणि घोडा ओकू शकत नाही. माणसाला उलटी होऊन जरा मोकळं वाटतं तशी त्याला सोय नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पशुवैद्याच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत देपालपूरकडच्या एका गावात असंच पोट सुटलेलं शिंगरू माझ्यासमोर आणलं होतं. वय पाच महिने, बाकी लक्षणं रंग्यासारखीच. मी तरुण होतो, हुशार होतो असं मला वाटायचं. पायपराझीनचा पूर्ण डोस पाजला, मालकाला म्हटलं, उद्या बघा, पाटीभर पडतील. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. पोहोचलो तोवर शिंगरू जमिनीवर लोळत होतं, अंग घामानं भिजलेलं, नाकातून दूध गळत होतं. त्या काळात तिथे शस्त्रक्रिया वगैरे शब्दच नव्हते. संध्याकाळी ते गेलं. मालकाच्या परवानगीनं पोट उघडलं तर लहान आतड्याचा हातभर भाग पांढऱ्या जंतांनी ठासून भरलेला, शेवयांच्या पुडक्यासारखा. औषध बरोबर होतं, जंत मेले होते. चूक माझी होती. मालक काहीच बोलला नाही, उलट मला चहा पाजला. तो चहा मला अजून आठवतो.

तीन वर्षांपूर्वी तुमचं शिंगरू पोटशूळानं गेलं, त्याला आदल्या दोन दिवसांत कोणी काही औषध पाजलं होतं का, हे सासऱ्यांना हळूच विचारा. दोष द्यायला नाही. ते समजलं तर रंग्याच्या डॉक्टरांना उपयोग होईल.

आता काय करायचं ते सांगतो.

उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, रंग्याचा ताप घ्या. घरातलाच डिजिटल थर्मामीटर, जरा तेल लावून, गुदद्वारात, आणि सुटू नये म्हणून दोरा बांधून. शिंगराचं तापमान १०२ फॅरनहाइटपर्यंत चालतं. त्याहून जास्त निघालं, श्वास भरभर चालत असेल, नाकातून घट्ट पू येत असेल, तर खोकला जंतांचा नाही असं समजा. या वयात, एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांत, रोडोकॉकस नावाच्या जंतूचा न्यूमोनिया होतो आणि तो फार गोड वागून फसवतो. शिंगरू खेळतं, दूध पितं, आणि आत फुप्फुसात गळवं होत असतात. अशा वेळी जंताचं औषध राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ताप नसेल तर लीद गोळा करा. रंग्यानं लीद टाकल्या-टाकल्या वरचे दोन-तीन गोळे, मातीला न लागलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, हवा दाबून काढा, गाठ मारा. वेळ, तारीख, नाव लिहा. लगेच पोहोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. सासूबाई त्या पिशवीला फ्रिजची पायरी चढू देतील असं मला वाटत नाही, तेव्हा थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ठेवा. चांदणीची आणि बाकीच्या तिन्ही घोड्यांची लीदही वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या राऊपासून फार लांब नाही. १९५५ सालापासून तिथे जनावरांचे डॉक्टर घडताहेत. तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या पशुवैद्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायला सांगा. एक ग्रॅम लिदीत किती अंडी, असा आकडा येतो. गोलजंताची अंडी वेगळी दिसतात, मोठ्या घोड्यांतल्या स्ट्राँगाइल गटाच्या जंतांची वेगळी, आणि औषध कोणतं ते यावरच ठरतं. सोनोग्राफीची सोय असलेला डॉक्टर मिळाला तर पोटावरून गोलजंत थेट दिसतातही, ओझं किती आहे याचा अंदाज येतो. रंग्याच्या बाबतीत मी हे नक्की करून घेईन.

मग वजन. औषधाचे निम्मे घोटाळे इथे होतात. सुटलेलं पोट पाहून माणूस डोळ्यांनी वजन जास्त धरतो, काटक्या पाय पाहून दुसरा कमी धरतो. तुमच्याकडे आसपास सोयाबीनची पोती तोलायचा सपाट काटा कुणाकडे तरी असेलच. त्यावर घट्ट फळी टाका, चांदणीला समोर उभी करा, रंग्याला फळीवर चढवा. आई दिसत असली की शिंगरू फार नाटकं करत नाही. एकदा आकडा मिळाला की डॉक्टरांचं काम सोपं होतं. मोठ्या घोडीसाठी फीत चालते : छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. शिंगराला हा हिशेब लागू होत नाही, म्हणून त्याला काटाच.

औषध डॉक्टर देतील, पण त्यांच्यासमोर बसून काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असावं. गोलजंतांनी भरलेल्या शिंगराला बहुतेक डॉक्टर फेनबेंडाझोलसारखं औषध पसंत करतात. ते जंतांना लुळं करत नाही, उपाशी मारतं, त्यामुळे ते काही दिवसांत थोडेथोडे सुटत जातात. शिंगरांत गोलजंतांसाठी नेहमीचं प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे रंग्या १३० किलो भरला तर १,३०० मिलिग्रॅम. अमुक पुडी, अर्धी बाटली अशा मापात बोलू नका, मिलिग्रॅममध्ये बोला. ओझं फार असेल तर आधी पोट मऊ करायला नाकातून नळीनं तेल घालायचं का, हा निर्णय डॉक्टरांचा. ती नळी घरी कोणी घालायची नाही. बांबूच्या नळीनं तर काहीच पाजायचं नाही. बैल गिळतो म्हणून घोडाही गिळेल असं नसतं, पातळ औषध फुप्फुसात गेलं की नवाच आजार उभा राहतो.

आयव्हरमेक्टिन गोलजंतांवर न देण्याचं आणखी एक कारण आहे. नेदरलँड्समधून २००२ साली पहिल्यांदा कळलं की तिथल्या शिंगरांतले गोलजंत त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि नंतर ठिकठिकाणांहून तेच ऐकू आलं. दरवेळी तेच औषध, दरवेळी अंदाजानं, बहुधा कमी. जंतांना थोडंथोडं विष चाटवत राहिलं की जे टिकतात त्यांचीच पिल्लं वाढतात. म्हणून औषध दिल्यानंतर चौदाव्या दिवशी पुन्हा लीद मोजायची. आकडा जवळजवळ शून्यावर आला तर औषध लागू पडलं. नाही आला तर औषध बदलायचं, डोस वाढवायचा नाही. फुप्फुसात फिरत असलेल्या अळ्यांवर एका डोसाचा परिणाम होत नाही, त्या मागाहून आतड्यात येतात. म्हणून पुढचा डोस साधारण दूध तोडायच्या सुमारास लागतो, सहा महिन्यांच्या आसपास.

औषध दिल्यावर तीन दिवस रंग्याला दिसेल असं ठेवा. पहिल्या रात्री कुणीतरी तबेल्यात झोपा. वळून कुशीकडे बघणं, पोटावर मागच्या पायानं मारणं, लोळणं, घाम, दूध सोडणं, लीद थांबणं, नाकातून दूध येणं, यातलं एक जरी दिसलं तरी 'बघू सकाळी' करू नका, फोन करा. दोनचार जंत लिदीत दिसले तर घाबरू नका, औषधाचं ते काम आहे. मेलेले जंत आणि पुढच्या पाच-सहा दिवसांची लीद वेगळी उचलून खड्ड्यात टाका, ठाणात राहू देऊ नका.

तर मग ठाण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण रंग्याचा खरा रोग तिथे आहे.

ज्या ठाणावर तीन वर्षांपूर्वीचं शिंगरू होतं त्याच ठाणावर रंग्या जन्मला, असं तुम्हीच लिहिलंय. गोलजंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी टाकते. अंड्यावर जाड, चिकट कवच असतं. उबदार ओलाव्यात दोनेक आठवड्यांत आत अळी तयार होते आणि मग ते अंडं तसंच, न फुटता, वर्षानुवर्षं वाट बघत पडून राहतं. माळव्यातला मे महिनासुद्धा सावलीतल्या अंड्याला पुरता मारू शकत नाही. फिनाईलनं तर नाहीच. तुम्ही रोज फिनाईल टाकत असाल तर वास जातो, अंडी राहतात. म्हणजे रंग्याला हे जंत चांदणीकडून लागले नसणार, ती या वयात क्वचितच गोलजंताची अंडी टाकते. ते त्या आधीच्या शिंगराचं देणं आहे.

सुदैवानं सध्या चातुर्मास आहे, मुहूर्त नाहीत, घोड्या आणि माणसं दोन्ही घरी आहेत. पावसानं दोन-तीन दिवस उघडीप दिली की ठाण रिकामं करा. जमीन मातीची असेल तर वरची वीतभर माती खरवडून काढा आणि जिथे घोडी-शिंगरू कधी चरणार नाहीत अशा जागी टाका. नवा मुरूम आणून दाबून बसवा. जमीन फरशीची असेल तर आधी कोरडं खरवडणं, मग उकळत्या पाण्यानं धुणं, जमलं तर वाफेचं यंत्र भाड्यानं आणणं. गव्हाण, खांब, भिंतीचा खालचा हातभर भाग, सगळं. शिंगरू भिंती चाटतं, विसरू नका. मग पत्रे वर करून ऊन आत येऊ द्या. पुढचं शिंगरू व्हायचं असेल तर ते या ठाणावर न होता, शक्य असेल तर दुसऱ्या, शिंगरं कधी न बांधलेल्या जागी होऊ द्या. आणि व्यायच्या आधी घोडीचे सड आणि मागचा भाग कोमट पाण्यानं स्वच्छ धुवा, कारण शिंगराचं पहिलं तोंड तिथेच लागतं.

चारा जमिनीवर टाकणं बंद. गव्हाण उंच करा, चंदी तोबऱ्यात द्या. हे वाक्य सासऱ्यांना पटवणं कठीण जाईल, कारण वरातीच्या घोड्या रस्त्याकडेला उभ्या असताना काय खातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरी तरी.

लिदीचा उकिरडा तबेल्याला लागून असेल तर तो लांब न्या आणि नुसता ढीग न ठेवता नीट रचा, अधूनमधून पालथा घाला. आतून तापलेल्या ढिगात अंडी-अळ्या मरतात, कडेच्या थंड भागात नाहीत, म्हणून पालथा घालायचा. कच्ची लीद घोड्यांच्या चराईवर कधीच पसरू नका. सोयाबीनच्या शेतात टाकली तर चालेल.

आता मोठ्या घोड्यांबद्दल थोडक्यात. त्यांचे जंत वेगळे, स्ट्राँगाइल गटाचे. त्यांची अंडी लिदीत फुटतात, पावसाळी हवेत आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, तेव्हा आषाढ-श्रावण हे त्यांचे दिवस. चराईतली लीद आठवड्यातून दोनदा उचलली तर अर्धी लढाई तिथेच संपते. त्यांच्यातला एक, रक्तजंत, आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत अळीच्या रूपात राहतो. तिथे गुठळी झाली की पोटशूळ. म्हणून त्यांना दुर्लक्षून चालत नाही, पण चौघींना दर दोन महिन्यांनी सरसकट औषध पाजायचीही गरज नाही. कळपातल्या साधारण वीस टक्के घोड्या एकूण अंड्यांपैकी ऐंशी टक्के अंडी टाकतात, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. तुमच्या चौघींत ती एक कोण, हे लीद मोजून कळेल. तिला औषध, बाकीच्यांवर नजर.

तुमच्याकडे गाई आहेत का ते लिहिलं नाहीत, पण दिरांकडे गाईंचं इंजेक्शन आहे म्हणजे असाव्यात. घोड्यांनी चरून सोडलेल्या जागेवर गाई सोडल्या तर उत्तम. घोड्यांच्या अळ्या गाईच्या पोटात जाऊन वाया जातात, एखाददुसरी जात सोडली तर गाईला त्यांचा काही उपद्रव नाही.

चांदणीच्या पुढच्या पायांवर केसांना चिकटलेले मोहरीहून बारीक पिवळे दाणे दिसले, तर ती मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एका माशीची, गॅस्ट्रोफिलसची अंडी. घोडी पाय चाटते आणि ती पोटात जातात. बोथट सुरीनं किंवा खरबरीत दगडानं खरवडून काढा. साईसकाकांना हे काम द्या, तंबाखूपेक्षा ते बरं.

तंबाखूचं म्हणाल तर निकोटिनवर जंत मारायचा प्रयोग जुन्या काळी मेंढ्यांत झालाय, जंत मरायचे आणि कधी मेंढीही. चार महिन्यांच्या शिंगराला तर नकोच. पळसपापडी, वावडिंग यांचं नाव काढणारेही भेटतील. आपल्या आजीच्या बटव्यात त्या होत्या आणि त्यांत गुण नाही असं मी म्हणणार नाही, पण वीतभर जंतांनी भरलेल्या आतड्याला किती मात्रा द्यायची ते कोणीच मिलिग्रॅममध्ये सांगू शकत नाही. म्हणून नको. गुळानं जंत होतात हाही एक समज. तसं असतं तर साखर कारखान्याजवळच्या घोड्यांचं काही खरं नव्हतं.

सासूबाईंना नजर उतरवू द्या. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकल्यानं रंग्याचं काही बिघडत नाही आणि घरात शांतता राहते. फक्त ती मोहरी त्याच्या गव्हाणीत पडू देऊ नका.

मुलाचं काळजीचं काही कारण नाही. रंग्याचा गोलजंत माणसाच्या पोटात संसार थाटत नाही, तो घोड्याचाच. मुलांना होणारे जंत वेगळे. त्यासाठी शाळेत १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला कृमिमुक्ती दिवसाची गोळी देतात, ती चुकवू नका. लिदीत, मातीत खेळल्यावर साबणानं हात धुवायची सवय मात्र लावा, आणि रंग्याच्या तोंडात बिस्किट घालून उरलेलं स्वतः खाणं बंद. सहा वर्षांचं मूल हे करतं, मला माहीत आहे, माझा नातू करतो.

रंग्याची वाढ मागे पडली आहे ती एका औषधानं भरून निघत नाही. चांदणीला दूध किती आहे बघा. तिच्या चंदीत कसर नको. चांगल्या हिरव्या चाऱ्याबरोबर तिला खनिज मिश्रण द्या, रंग्याला डॉक्टरांना विचारून थोडा दाणा सुरू करा. पण हरभरा एकदम वाढवू नका, आधीच ताणलेल्या पोटाला ते झेपत नाही. महिन्याभरात लव चमकायला लागेल, पोट मात्र हळूहळू बसेल. पंधरा दिवसांनी पुन्हा काट्यावर उभं करा आणि आकडा तबेल्याच्या भिंतीवर खडूनं लिहा, तारखेसह.

चौदाव्या दिवशीच्या लीद-मोजणीचा कागद मला पाठवा. आणि आज रात्री जेवायच्या आधी ती इंजेक्शनची बाटली दिरांकडून मागून तुमच्या कपाटात ठेवा, किल्लीही तुमच्याकडेच.